वळूची पारख

पोळ्याच्या दिवशीं यवतमाळ जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवीं तोरणाखालीं उभ्या राहिलेल्या बैलजोड्या पाहाव्या. रुंद छाती, भरदार वशिंड, चपळ पाऊल! डोळे निवतात. परंतु त्या देखण्या बैलांपैकीं बहुतेकांचा वंश पुढें चालावयाचा नाहीं, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. चांगला गोऱ्हा दिसला कीं त्याला खच्ची करून जुंवाखालीं घालावयाचें, आणि ज्याला कोणी विकत घेत नाहीं त्यानें मोकाट फिरून गांवच्या कळपाचा धनी व्हावयाचें, अशी आपली रीत. उत्तम दाणे दळून खावे आणि पोचट तेवढे पेरावे, त्यांतलाच हा प्रकार!

गाय वर्षाकाठीं फार तर एक वासरूं देते. गोठविलेल्या रेताच्या साह्यानें एकच वळू हजारों वासरांचा बाप होऊं शकतो. तेव्हां वळूची निवड चुकली तर सगळ्या पंचक्रोशीला ती पिढ्यान्‌पिढ्या भोंवते.

पण पारख करावी कशी? एक गोऱ्हा सरकी-ढेप खाऊन वाढला, दुसरा नुसत्या कडब्यावर. पहिल्याचें वजन अधिक भरलें म्हणून तो जातीचा श्रेष्ठ ठरत नाहीं. मीं जन्मभर वर्गांत उत्तरपत्रिका तपासल्या. निरनिराळ्या प्रश्नपत्रिका सोडविणाऱ्या मुलांचे क्रमांक एकत्र लावतां येत नाहींत, हें मला ठाऊक आहे. गुरांचेंहि तसेंच. एकाच गोठ्यांत, एकाच हंगामांत, एकाच वैरणीवर वाढलेल्या वासरांचीच तुलना करावी लागते. शिवाय आहाराचा गुण पोराबाळांत उतरत नाहीं. रक्ताचा उतरतो, तोहि अर्धाच, कारण उरलेला अर्धा आईचा.

म्हणून वळूची खरी परीक्षा त्याच्या संततीवरून. इंग्लंडांत अठराव्या शतकांत रॉबर्ट बेकवेल हा शेतकरी आपले मेंढे हंगामापुरते भाड्यानें देई आणि कोणाचीं पिल्लें सरस निघतात तें पाही. पुढें विसाव्या शतकांत अमेरिकेंतील चार्ल्स हेंडरसन यांनीं आईबाप, भावंडें व संतति या सर्वांच्या नोंदी एकत्र करून प्रत्येक जनावराचें प्रजननमूल्य काढण्याची गणिती रीत बसविली. २००१ सालीं मेउविसेन, हेझ व गोडार्ड या शास्त्रज्ञांनीं याच्या पुढचें पाऊल टाकलें: वासराच्या डीएनएवरील हजारों खुणा वाचून त्याच्या मूल्याचा अंदाज बालपणींच करतां येईल, असें त्यांनीं दाखविलें. आपल्या गाईंकरितां अशी ‘गौचिप’ ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं आमच्या शेजारच्या वाशीम येथेंच पंतप्रधानांच्या हस्तें देशाला सादर झाली.

मांसासाठीं गुरें पाळणाऱ्या देशांनीं या विद्येचा लाभ पुरेपूर उठविला. आंध्रांतील ओंगोल गुरें ब्राझीलला गेलीं, तेथें ‘नेलोर’ म्हणून वाढलीं, आणि आज त्या देशाच्या मांसधंद्याचा तीं कणा आहेत. सांगलीच्या पटवर्धनांच्या आश्रयानें वाढलेल्या कृष्णाखोरी गुरांचें रक्तहि अमेरिकेच्या ‘ब्राह्मण’ जातींत गेलें. बीज आपलें, वही मात्र त्यांनीं ठेवली!

आपला हेतु निराळा आहे. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गोहत्येस बंदी झाली, आणि २०१५ च्या दुरुस्तीनें बैल व वळू यांनाहि तिचें संरक्षण मिळालें. आपल्याला पाहिजे आहे तें काळ्या जमिनींत डवऱ्याला न थकणारें, वैशाखाचें ऊन सोसणारें, आणि घरापुरतें दूधहि देणारें जनावर. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जात याच कसाची. हेतु बदलला तरी पारखीची रीत बदलत नाहीं. मात्र एकाच गुणाच्या मागें लागूं नये. केवळ वाढीकडे पाहून वळू निवडले तर वासरें जन्मतःच मोठीं होतात आणि गाय विण्यास अडते. एकच नामांकित वळू सगळीकडे वापरला तर पुढें बापलेकींचें नातेंहि ओळखूं येत नाहीं.

ट्रॅक्टर आल्यानें बैलांची गरज ओसरत आहे. गरज सरली कीं जातहि सरते, आणि एकदां गेलेली जात पैसे मोजून परत मिळत नाहीं. चिप कितीहि शहाणी असली तरी तिच्या अंदाजाला आधार गोठ्यांतील नोंदींचाच. तुमच्यापैकीं पुष्कळांची शेती गांवीं बटाईनें दिलेली असेल. पुढच्या खेपेस गेलांत म्हणजे उत्पन्नाबरोबर एवढेंहि विचारा: वासरूं कोणत्या तारखेस झालें? त्याची आई कोण, बाप कोण? कानांतल्या बिल्ल्याचा बारा आंकडी क्रमांक कोणता? आणि हीं उत्तरें एका वहींत उतरून ठेवा. गोऱ्हा खच्ची करण्यापूर्वीं ती वही एकदां उघडली, तरी पुष्कळ झालें.