डोंगरावरची झाडे आणि खाडीतली कालवं



वर्धापनदिनी दोन शब्द बोलण्याची संधी दिलीत, आम्ही आभारी आहोत. तू बिश्वातला आपण झाडे लावतो, म्हणून आज जपानच्या दर्यावरच्या लोकांनी लावलेल्या झाडांची हकिकत सांगतो.

जपानच्या ईशान्येस केसेन्नुमा बंदर आहे. तेथील खाडीत कालवं जोपासतात. कालवं आपल्याला वर्ज्य, पण अष्टागरात वाढलेल्यांना खडकावरची कालवं काढणाऱ्या बाया आठवतील. १९६० नंतर सांडपाण्याने खाडी बिघडली. पाण्यात लाल शेवाळ माजले, कालवांचे मांसही लाल पडले, माल फेकून द्यावा लागला. कित्येकांनी धंदा सोडला.

शिगेआत्सु हाताकेयामा हे त्यांच्यातलेच एक. खाडीला मिळणारी नदी वरच्या डोंगरांतून येते, तेव्हा इलाज तिथूनच करायचा, असे त्यांनी ठरवले. १९८९ साली सोबत्यांना घेऊन त्यांनी मुरोने डोंगरावर रुंद पानांची झाडे लावली. वरच्या गावच्या शाळकरी मुलांना समुद्र दाखवायला बोलावले. ती मुले घरी जाऊन शेतातली औषधफवारणी कमी करा, म्हणून सांगू लागली.

यातले शास्त्र आम्हां परिचारिकांना लवकर उमगते. रक्तात लोह कमी झाले की माणूस फिका पडतो. लोहाची गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घेतली, तर अंगी लागते. समुद्राचेही तसेच. पाला कुजून तयार होणारे आम्ल मातीतले लोह धरून नदीवाटे समुद्रात पोचवते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्या खाऊन कालवं पोसतात. शिवाय मुळे माती धरून ठेवतात, त्यामुळे गाळ कमी येतो.

११ मार्च २०११ च्या त्सुनामीत केसेन्नुमाची धूळधाण झाली. हाताकेयामांची आई गेली, कालवांचे तराफे वाहून गेले. तरीही त्या वर्षी झाडे लावण्याचा नेम चुकला नाही. डोंगर आणि नदी शाबूत होती, खाडीत पुन्हा जीव आला आणि कालवं वाढली. २०१२ साली संयुक्त राष्ट्रसंघाने हाताकेयामांचा गौरव केला. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते वारले.

आपण कोकण सोडून लांब आलो. तिकडे आपली सिनेगॉग आणि कबरस्ताने आहेत, सांभाळणारी घरे मात्र मोजकीच उरली. आमची एकच विनंती आहे. पुढच्या खेपेस गावी जाल तेव्हा नातवंडांना बरोबर न्या, आवारात त्यांच्या हातून एक आंबा किंवा फणस लावा, आणि दोन उन्हाळे पाणी घालणाऱ्याची सोय करून मगच परत या. पाण्यावाचून रोप जगत नाही.