द्राक्षांच्या उतारावरून

पूर्व फ्रान्समध्यें दिजों शहरापासून दक्षिणेकडे पन्नास-साठ किलोमीटरपर्यंत एक बुटकी डोंगररांग गेली आहे. तिचें नांव कोत दोर. माथ्यावर ओक व पाइन वृक्षांचें रान, मधल्या उतारावर द्राक्षांचे मळे आणि पायथ्यापासून सोन नदीकडे पसरत गेलेलें मैदान, अशी तिची रचना आहे. बर्गंडीची जगद्विख्यात वारुणी निपजते ती या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत. हा पट्टा खरोखर पाहावयाचा असेल, तर मोटारीचा फारसा उपयोग नाहीं; पायींच गेलें पाहिजे.

बोन या तटबंदीच्या गांवांतून सकाळीं निघालेला पांथस्थ तासाभरांत पोमार या खेड्यास पोंचतो. त्याला लागून व्होलने आणि व्होलनेला लागून मर्सो. वाट जागोजाग दगडी कुसवांच्या कडेनें जाते. नाशिककडील द्राक्षांचे उंच मांडव ज्यानें पाहिले असतील, त्याला येथील वेलींचें प्रथम नवलच वाटेल. त्या जेमतेम कमरेएवढ्या उंच, तारांना बांधलेल्या व दाट ओळींनीं लावलेल्या असतात. हिवाळ्याच्या दिवसांत छाटणी चालूं असते. छाटलेल्या काड्या कांहीं ठिकाणीं लोखंडी हातगाडींतच जाळतात, आणि त्यांचा निळसर धूर उतारावर रेंगाळत राहतो.

पोमार व व्होलने या दोन्ही गांवांत पिनो न्वार ही एकच काळी द्राक्षजात पिकते. परंतु पोमारची माती चिकण, लोहयुक्त. तेथील मद्य कडक व भारदस्त. व्होलनेच्या जमिनींत चुनखडी अधिक. तेथील मद्य नाजूक. चार पावलें पुढें मर्सोंत शार्दोने या जातीचें पांढरें मद्य होतें. जमिनीच्या अशा प्रत्येक तुकड्याला बर्गंडींत ‘क्लिमा’ म्हणतात. अशा १,२४७ तुकड्यांचा हा प्रदेश युनेस्कोनें २०१५ सालीं जागतिक वारशांत समाविष्ट केला. कोठें पाणी साचतें, कोठें उन्ह आधीं पडतें, कोठलें फळ सरस उतरतें, हें मध्ययुगांतील सिस्टर्शियन मठवासीयांनीं आणि त्यांच्यामागून अनेक पिढ्यांनीं पारखून ठरविलें आहे.

हें सारें वैभव एकदां नाहींसें होण्याच्या बेतांत होतें. अमेरिकेंतून आलेली फिलोक्सेरा नांवाची सूक्ष्म कीड १८७८ मध्यें कोत दोरमध्यें आढळली. ती वेलीच्या मुळांना लागते. उपायहि अमेरिकेंतच सांपडला. तेथील रानवेलींचीं मुळें ही कीड सोसतात. म्हणून त्या खुंटांवर फ्रेंच वेलींचीं कलमें बांधण्यांत आलीं. नाशिकचे बागाईतदारहि आज अमेरिकन खुंटावर कलम बांधतात. मात्र तेथें मुख्य हेतु क्षारयुक्त जमीन व पाण्याची टंचाई यांना तोंड देण्याचा असतो.

आजचें संकट केवळ खुंट बदलून टळणारें नाहीं. बोन येथील द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ पासूनच्या कागदपत्रांवरून लावतां येतात. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत त्या जुळवून पाहण्यांत आल्या. १९८७ पर्यंत तोडणीस सरासरीनें २८ सप्टेंबरच्या सुमारास प्रारंभ होई. १९८८ पासून ती सरासरीनें १३ दिवस अलीकडे आली, असें त्यांत दिसून आलें.

पीक लवकर आलें, यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. उन्हाळा कडक झाला म्हणजे फळांत साखर वाढते व आंबटपणा उतरतो; मद्याची जुनी चव पालटते. शिवाय हिवाळा ऊबदार सरला कीं वेलींना डोळे लवकर फुटतात, आणि मग एप्रिलचें दहिंवर त्या कोंवळ्या फुटीवर पडतें. एप्रिल २०२१ मध्यें असेंच घडलें. मळ्यामळ्यांतून रात्रभर मेणाचे दिवे पेटवूनहि त्या सालचें पीक, विशेषतः पांढऱ्या द्राक्षांचें, फार घटलें.

दुसरी जात लावावी म्हटलें, तर कायदा आड येतो. पोमार अथवा व्होलने हें नांव बाटलीवर लावावयाचें असेल, तर द्राक्ष मुख्यतः पिनो न्वारचेंच हवें. म्हणून कित्येक शेतकरी छाटणी मुद्दाम लांबवितात, कारण उशिरां छाटलेली वेल उशिरां फुटते. कांहींची दृष्टि माथ्यावरील रानापलीकडच्या उंच व थंड जमिनीकडे वळली आहे. एके काळीं ती जमीन दुय्यम गणली जाई.

व्होलनेच्या वरच्या अंगाला रानांत शिरून मागें पाहिलें, म्हणजे हे सारे तुकडे एका दृष्टिक्षेपांत दिसतात. फ्रेंच भाषेंत ‘क्लिमा’ शब्दाचा नेहमींचा अर्थ हवामान असा आहे. जमिनीच्या तुकड्याला हवामानाचें नांव देणाऱ्या लोकांनीं त्या तुकड्याचें हवामान कायमचें गृहीत धरलें होतें. कुसूं जेथल्या तेथें उभें आहे, मातीहि तीच आहे. पण तिच्यावरचें ऋतुमान आतां पूर्वीचें राहिलेलें नाहीं.