चूक झाली, तरी जीव वाचावा



अपघात झाला की आपण विचारतो,
चूक कोणाची?
स्वीडनने वेगळा प्रश्न विचारला.
एका चुकीत जीव जावा, असा रस्ता बांधलाच का?

1997 साली तिथल्या संसदेने ध्येय ठरवलं.
रस्त्यावर कोणी मरू नये.
कोणी कायमचं जायबंदी होऊ नये.

माणूस चुकणारच.
पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू नको.

मग त्यांनी अनेक रस्ते बदलले.
तीन पदरी रस्ता.
एकीकडे दोन पदर, दुसरीकडे एक.
मध्ये पोलादी तारांचा कठडा.
थोड्या अंतराने दोन पदरांची बाजू बदलते.
त्यामुळे ओव्हरटेकची संधी दोन्ही दिशांच्या गाड्यांना मिळते.

समजा, चालकाला डुलकी लागली.
गाडी तारांवर घासते.
तारा ताणल्या जातात, धक्का झेलतात.
समोरासमोरची टक्कर टळते.
मला ही साधी तार फार मोलाची वाटते.

आणि जिथे माणसं पायी चालतात,
तिथे अनेक ठिकाणी वेगमर्यादा ताशी 30 किलोमीटर.

आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही
शून्य मृत्यूचं ध्येय ठेवून काम झालं आहे.

पुन्हा सांगते, माणूस चुकणारच.
रस्त्याने त्याला सांभाळून घ्यायला हवं.
तुमच्या गावाजवळ एकाच वळणावर वारंवार अपघात होतात का?
ग्रामसभेत विषय मांडा.
त्या वळणाची दुरुस्ती मागा.