बटाट्याची फोड आणि एक रिपोर्ट



‘तू नक्की कसली डॉक्टर?’ असं सकाळपासून चौघांनी विचारलं. मी पॅथॉलॉजिस्ट. मला पेशंट क्वचितच भेटतो. भेटतो तो त्याच्या गाठीचा तुकडा.

आठवीतला एक प्रयोग आठवतो का? दुधात पिठाची भेसळ आहे का, ते आयोडीनने ओळखायचं. बाई आधी बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकायला लावत. “बटाटाच निळा झाला नाही, तर दुधाला चांगलं म्हणू नका. आधी आयोडीन बघा.” हे वाक्य पुढे माझ्या कामात आलं. एकदा आलं नाही, त्याचीच गोष्ट सांगते.

स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये ईआर आणि पीआर अशा दोन ओळी असतात : इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. रिसेप्टर म्हणजे ग्राही. संप्रेरक रक्तातून सगळीकडे फिरतं, पण त्याचा निरोप पोचतो तो ग्राही असलेल्या पेशींनाच. इस्ट्रोजेनचे ग्राही स्तनात, गर्भाशयात, हाडांत, मेंदूत असतात, पुरुषांतही असतात. इस्ट्रोजेन ग्राहीला चिकटलं की ती जोडी डीएनएवर बसून काही जनुकं चालू करते. त्यांतलंच एक पीआर तयार करतं. म्हणून पीआर दिसला, की ईआर नुसता हजर नाही, कामही करतो आहे, असं समजायचं.

ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये लिहिलं होतं, की अंडाशय काढल्यावर स्तनाची गाठ आक्रसते. ती का, याचा उलगडा सुमारे साठ वर्षांनी शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांच्या संशोधनातून होऊ लागला. किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन शरीरात कुठे अडकून राहतं, हे त्यांनी शोधलं आणि ग्राही सापडला. मग आली टॅमॉक्सिफेनची गोळी. मूळ शोध गर्भनिरोधकाचा होता. त्या कामी ती चालली नाही. पण स्तनात ती इस्ट्रोजेनची जागा अडवते. ईआर पॉझिटिव्ह असताना पाच वर्षं घेतली, तर या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. ईआर निगेटिव्ह असेल तर तिचा उपयोग नाही. म्हणजे गोळी द्यायची की नाही, हे माझ्या एका ओळीवर ठरतं.

वीसएक वर्षांपूर्वी एका बाईंची शनिवारी शस्त्रक्रिया झाली. काढलेला भाग न कापता, अखंडच फॉर्मालिनमध्ये टाकलेला होता. फॉर्मालिन आत मुरायला तासाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे फार वेळ घेतं. तोवर मधला भाग खराब होत जातो. सोमवारी तो माझ्याकडे आला. तपासणीत एकही केंद्रक तपकिरी रंगलं नाही. मी ‘निगेटिव्ह’ लिहिलं.

त्याच काचपट्टीवर गाठीशेजारी निरोगी दूधनलिका होत्या. त्यांतल्या काही पेशी एरवी रंगतातच. त्याही कोऱ्या होत्या. मी ते पाहिलं होतं आणि पुढची काचपट्टी घेतली होती.

दोन वर्षांनी आजार हाडात निघाला. तिथला तुकडा नीट आला होता. ईआर ठळक पॉझिटिव्ह. जुनी काचपट्टी काढली, तेव्हा बटाटा आठवला. मी त्यांना भेटून चूक सांगितली. त्या एवढंच म्हणाल्या, “मग आता तरी गोळी चालेल ना?” चालली, साडेतीन वर्षं. आधी मिळाली असती तर काय झालं असतं, हे कोणी सांगू शकत नाही. मला तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

आता नियम स्पष्ट आहेत. २०१० च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार तुकडा तासाभरात फॉर्मालिनमध्ये जावा, मोठा असेल तर काप देऊन. तिथे तो किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. एक टक्का केंद्रकं रंगली तरी पॉझिटिव्ह. आणि निरोगी पेशीच रंगल्या नसतील, तर निगेटिव्ह लिहायचं नाही. तपासणी पुन्हा करायची.

आपल्या वयात हा आजार कुणाच्याही घरी येऊ शकतो. म्हणून तीन विनंत्या. रिपोर्ट जपून ठेवा आणि तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात असतो, तो कुठे आहे हे माहीत करून घ्या. ‘निगेटिव्ह’ असेल तर डॉक्टरांना विचारा, “शेजारच्या निरोगी पेशी रंगल्या होत्या का?” हा प्रश्न विचारल्याचा चांगल्या पॅथॉलॉजिस्टला राग येत नाही. आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर अंगावर काढू नका. ही गोळी गर्भाशयाच्या अस्तरावर मात्र इस्ट्रोजेनसारखीच वागते.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. त्या प्रयोगात मी फोड ठेवायला विसरले, तेव्हा तुम्ही अर्धा गुण कापला होता आणि मी घरी जाऊन रडले होते. आज माझ्या विद्यार्थ्यांचा मी पूर्ण गुण कापते.