कापसाची रांग आता मोबाईलमध्ये

१९९३ साली ‘सर्न’ या संशोधनसंस्थेने वेबचे तंत्र जगाला विनामूल्य खुले केले. पुढे ते मूठभर कंपन्यांच्या कह्यात गेले. नव्या पिढीच्या वेबमध्ये माहितीची मालकी वापरणाऱ्याकडे परतेल, असे आता सांगितले जाते. हिंगणघाटच्या कास्तकाराने ते कसे पडताळावे? २०२५-२६ च्या हंगामात हमीभावासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावयाची, विक्रीचा दिवसही तेथेच ठरवावयाचा. १९७२ च्या एकाधिकार खरेदीत दोष पुष्कळ होते. परंतु जाब विचारावयास ग्रेडर तरी समोर असे. ॲपमध्ये अडलेल्याने कोणापुढे उभे राहावे? तेव्हा नोंदणी ग्रामपंचायतीत कागदावरही व्हावी, आणि जमलेली पेऱ्याची माहिती व्यापाऱ्याआधी कास्तकारांच्या सहकारी संस्थांना मिळावी.