शून्याचे तीन अर्थ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी कलाशाखेचा साधा पदवीधर. उभी हयात केंद्र सरकारच्या सेवेत गेली. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? परंतु कचेरीतल्या माणसाला शून्याचा परिचय फार असतो, आणि आजचा विषय शून्याचाच आहे.

क्ष-किरण व गॅमा किरण वातावरणात शोषले जातात. म्हणून आकाशातून येणाऱ्या या किरणांचा वेध घेणारी उपकरणे उपग्रहांवर न्यावी लागतात. १९५८ च्या जानेवारीअखेर अमेरिकेने सोडलेल्या ‘एक्सप्लोरर-१’ वर आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन ॲलन यांनी विश्वकिरण मोजण्यासाठी गायगर गणक बसविला होता. वायूने भरलेली नळी आणि तीत उच्च विद्युद्दाब. भारित कण आत शिरला की विजेचा एक ठोका उमटतो. कमी उंचीवर आकडे अपेक्षेप्रमाणे आले. अधिक उंचीवर मात्र गणती कित्येकदा शून्यावर आली. तेथे कण नव्हते, की गणक बिघडला होता? पुढे कार्ल मॅकइलवेन यांनी तशाच गणकावर प्रखर क्ष-किरण सोडून पाहिले आणि कोडे उलगडले. एका आघातातून सावरण्यापूर्वीच पुढचा कण आदळत राहिला, तर नळीला मोजण्याजोगा ठोका देताच येत नाही. ते शून्य अभावाचे नव्हते, अतिरेकाचे होते! पृथ्वीभोवतीचे ‘व्हॅन ॲलन पट्टे’ सापडले ते असे.

हे वाचले आणि मी ओशाळलो. माझ्या अधिकारातील एका शाखेकडून सहा महिने ‘निरंक’ अहवाल येत होते. तक्रार एकही नाही, म्हणून मी समाधानाने सह्या केल्या. प्रत्यक्ष गेलो, तेव्हा न उघडलेल्या टपालाचा ढीग आणि त्यापुढे हतबल झालेला एकटा कारकून दिसला.

दुसरे शून्य आपल्या ‘आर्यभट’ चे. १९ एप्रिल १९७५ रोजी तो क्ष-किरण, तसेच सूर्याकडील न्यूट्रॉन व गॅमा किरण यांच्या अभ्यासाची उपकरणे घेऊन गेला. पण वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे थोड्याच दिवसांत प्रयोग थांबले. उपकरणांची पात्रता होती. शिधा तुटला होता.

तिसरे शून्य शहाणपणाचे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुटलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ वर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली क्ष-किरण उपकरणे होती. त्यांच्यासोबत भारित कण मोजणारा एक छोटा पहारेकरीही दिला होता. दक्षिण अटलांटिकवर या कणांचा मारा वाढतो. तो वाढताच पहारेकऱ्याने सूचना द्यावी, नाजूक शोधकांचा उच्च विद्युद्दाब उतरवावा आणि संकट सरल्यावर काम पुन्हा सुरू व्हावे, अशी ती योजना.

दडपलेले, वंचित आणि सावध अशी ही तीन मौने. कागदावर तिन्ही शून्यच दिसतात. मंडळाच्या सभेत जो सभासद बोलत नाही, त्याचे मौन यांपैकी कोणते, हे एकदा त्याच्या घरी जाऊन विचारावे, एवढीच माझी विनंती.