ताज्या मासळीचा आहार

(महोत्सवानिमित्त भरलेल्या स्नेहमेळाव्यांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मेळाव्यांत धर्मगुरूनें आत्म्याच्या अन्नाविषयीं बोलावें, ही तुमची अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु तें काम मी दर रविवारीं करीतच असतों; म्हणून आज देहाच्या अन्नाविषयीं चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतों. ज्या प्रभूनें पुनरुत्थानानंतर शिष्यांच्या देखत भाजलेला मासा खाल्ला आणि सरोवराच्या कांठीं निखाऱ्यांवर मासळी ठेवून त्यांस न्याहारीला बोलाविलें, त्याच्या अनुयायांना हा विषय परका वाटूं नये.

आपल्यापैकीं पुष्कळांचीं मूळ घरें गोव्यास, वसईस अथवा मंगळुरास. बोरघाटांतील रेल्वे १८६३ सालीं सुरू झाली, आणि पुढें तिच्या चाकरीनिमित्त कित्येक कुटुंबें घाट चढून आलीं. माणसें वर आलीं, जीभ मात्र खालींच राहिली. मासळी म्हणजे समुद्राची, आणि समुद्राची म्हणजे पापलेट किंवा सुरमई, असा आपला समज. पापलेटाचा भाव ऐकून गृहिणी रिकाम्या पिशवीनें परत येते, आणि त्या घरीं मग कोणतीच मासळी शिजत नाहीं. पोट भरतें तें तळलेल्या पदार्थांनीं आणि मैद्याच्या पावानें. आजाऱ्यांच्या भेटीस जातों तेव्हां पन्नाशीही न गांठलेले कर्ते पुरुष मधुमेहानें व हृद्रोगानें अंथरुणास खिळलेले दिसतात. सर्व दोष आहाराचा आहे असें मी म्हणत नाहीं; परंतु आहार आपल्या हातीं आहे, एवढें खचित.

मासळींत काय असतें तें पाहा. शंभर ग्रॅम मासळींत साधारणपणें सतरा ते वीस ग्रॅम प्रथिनें असतात व तीं पचावयास हलकीं असतात; म्हणून वाढत्या मुलांस आणि वृद्धांस तीं मानवतात. बी-१२ हें जीवनसत्त्व तींत आहे. समुद्राच्या मासळींत आयोडीन आहे. आणि मांदेलीसारखी बारीक मासळी कांट्यांसकट खाल्ली म्हणजे हाडांना लागणारा चुनाही मिळतो. बांगडा व तारली यांच्या अंगीं ओमेगा-३ नांवाचा स्निग्धांश विपुल असतो. वेल्स प्रांतांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २०३३ पुरुषांची पाहणी १९८९ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांस आठवड्यांतून दोन-तीन वेळां अशी तेलकट मासळी खाण्याचा सल्ला दिला होता, त्यांच्यांत दोन वर्षांतील मृत्यूंचें प्रमाण सुमारें २९ टक्क्यांनीं कमी आढळलें. पुढें बऱ्याच वर्षांनीं पाहतां हा लाभ टिकलेला दिसला नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. मासळी हें औषध नव्हे, अन्न आहे. तरी आठवड्यांतून दोन वेळां ती खावी, असें अमेरिकेंतील हृद्रोगतज्ज्ञांची संस्था आजही सांगते. आणि गंमत अशी कीं, बांगडा व तारली ही पापलेटापेक्षां स्वस्त मासळी! गरिबाच्या ताटांत देवानें कमी वाढलेलें नाहीं. गर्भवती स्त्रियांनीं मात्र मुशी व मोठी सुरमई टाळावी. मोठ्या शिकारी माशांच्या अंगीं पारा सांठतो.

आतां आपल्या दारचें पाणी पाहूं. १९७२ सालीं पुरें झालेलें पवनेचें धरण, वलवण, शिरोता, आणि खालीं वाहणारी इंद्रायणी. मावळाला पाण्याची वाण नाहीं. रोहू, कटला, मरळ, चिलापी हे मासे सकाळीं पाण्यांतून निघून दुपारीं आपल्या चुलीवर चढूं शकतात. त्यांत ओमेगा-३ बांगड्याइतकें नसलें तरी प्रथिनें तितकींच असतात, आणि ताजेपणांत त्यांची बरोबरी घाट चढून आलेल्या पापलेटाला क्वचितच साधते. "गोड्या पाण्याचा मासा मातकट लागतो," अशी तक्रार ऐकूं येते. ती खोटी नाहीं. पाण्यांतील सूक्ष्म जीव जिओस्मिन नांवाचें द्रव्य निर्माण करतात, त्याचा तो वास. परंतु आंबटानें हें द्रव्य मोडतें. म्हणून तुकड्यांना हळद, मीठ व लिंबू लावून कांहीं वेळ ठेवावें आणि कालवणांत आमसूल किंवा चिंच सढळ हातानें घालावी. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, पण आमसूल ठाऊक होतें! वाफाळत्या भातावर असें तिखट-आंबट कालवण, आणि बाहेर लोणावळ्याचा पाऊस. याहून अधिक सुख जिभेनें मागूं नये.

मासळी कोठलीही असो, ती पारखून घ्यावी. डोळे फुगीर व चकचकीत, कल्ले लाल, बोटानें दाबल्यास खळगा भरून येणारें मांस, आणि उग्र दर्प नसलेलें अंग, ह्या चार खुणा मुलींनाच नव्हे, मुलांनाही शिकवाव्या. जून-जुलैंत समुद्रांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत विकावयास आलेली समुद्राची मासळी विशेष पारखावी.

मात्र ज्या पाण्यानें आपल्याला पोसावें, त्याला आपण जपलें पाहिजे. पहिल्या पावसांत मासे अंडीं घालण्यासाठीं ओढ्यांतून भातखाचरांकडे चढतात. हे चढणीचे मासे पोतीं भरभरून धरणें म्हणजे पुढील वर्षाचें ताट आजच उपडें करणें होय. कोणी पाण्यांत विष कालवितात, कोणी सुरुंग उडवितात. १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्यानेंच तो गुन्हा ठरविला आहे. उलट, वलवण येथील टाटा कंपनीच्या केंद्रांत १९७० च्या दशकापासून महसीर माशाचीं पिल्लें वाढविण्याचें काम चालत आलें आहे, आणि तेथील पिल्लें दूरदूरच्या जलाशयांत सोडलीं गेलीं आहेत. आपल्याच गांवीं असा धडा असतां आपण आपलें सांडपाणी व प्लास्टिक ओढ्यांत लोटावें काय? हीच इंद्रायणी खालीं आळंदीस पोंचते तेव्हां अलीकडे तिच्यावर फेस तरंगतांना दिसतो. त्यांत कारखान्यांचा वांटा असेल, शहरांचाही असेल. पण आपल्या घरचा वांटा आपण उद्यांपासून थांबवूं शकतों.

तेव्हां माझें मागणें थोडकें आहे. आठवड्यांतून एक दिवस बांगडा किंवा तारली आणि एक दिवस तळ्याचा ताजा मासा, तोही तळण्यापेक्षां कालवणांत, प्रत्येक घरीं शिजावा. शुक्रवारीं मासळीची मेजवानी केल्यानें प्रायश्चित्त होत नाहीं, हें विसरूं नका. साधें कालवण करा, आणि वांचलेल्या पैशांतून एखाद्या आजाऱ्याच्या घरीं वाटीभर पोंचवा. प्रभु तुमच्या चुलीला, तुमच्या मुलांना आणि मावळच्या पाण्याला आशीर्वाद देवो.